शब्दामागे एक पैसा

महिनाभरात एक कादंबरी लिहून काढायची, लिहिताना ओळखीपाळखीच्या माणसांकडून शब्दांच्या हिशेबाने वर्गणी घ्यायची आणि जमलेला पैसा मुलांना वाचायला शिकवण्यासाठी द्यायचा, एवढीच ती कल्पना होती. आमच्या भागातल्या काही लिहित्या तरुण मंडळींनी ती एका बैठकीत मांडली मात्र, देवळात कुणी चपला घालून शिरावे तसा गहजब उडाला. साहित्य म्हणजे काय विटांची भट्टी आहे, असे एकाने विचारले. दुसऱ्याने सरस्वतीच्या हाती कटोरा दिल्याचा ठपका ठेवला. तिसरे गृहस्थ गेल्या दहा वर्षांत संमेलनांच्या व्यासपीठांवरून 'वाचक हरवत चालला आहे' या विषयावर निदान दहा वेळा तरी बोलले असतील. ते म्हणाले की साक्षरता हे सरकारचे काम, लेखकाचे नव्हे. तरुण गप्प बसले. थोरांपुढे बोलू नये हे वळण आपल्याकडे अजून शिल्लक आहे. त्यांनी ते पाळले हे ठीकच झाले. मला ते पाळण्याचे कारण नाही, कारण वयाने मी आता त्या थोरांच्याच रांगेत बसतो.

कल्पना परदेशी आहे हे खरे. १९९९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बेटी या तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी, अवघ्या एकवीस जणांनी, महिन्याभरात प्रत्येकी ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची असा चंग बांधला. पुढच्या वर्षापासून तो उपक्रम नोव्हेंबरात होऊ लागला. तिकडे नोव्हेंबरात हवा वाईट असते, माणूस आपसूक घरात बसतो, हे त्यामागचे कारण. रोजचे साधारण १,६६७ शब्द. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत, लिहून झाल्याचे प्रमाणपत्र तेवढे मिळायचे. दहा-अकरा वर्षांत भाग घेणाऱ्यांची संख्या दोन लाखांवर गेली. सारा ग्रुएनची 'वॉटर फॉर एलिफंट्स' आणि एरिन मॉर्गनस्टर्नची 'द नाइट सर्कस' या गाजलेल्या कादंबऱ्यांचे पहिले खर्डे याच नोव्हेंबरांतले. आता दोन लाखांत गाजलेल्या किती निघाल्या, असे कुणी विचारील. तर विचारणाऱ्याने आपल्याकडच्या छापील कादंबऱ्यांचेही गुणोत्तर काढून पाहावे.

माझ्या दृष्टीने त्या उपक्रमाची खरी गोष्ट वेगळीच आहे. २००४ ते २००६ अशी तीन वर्षे त्यांनी खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचा निम्मा भाग 'रूम टू रीड' या संस्थेला दिला. मायक्रोसॉफ्टमधली मोठी नोकरी सोडून जॉन वूड यांनी नेपाळातल्या शाळांना पुस्तके पोचवण्यापासून सुरू केलेली ही संस्था. त्या पैशांतून कंबोडियात ३, लाओसमध्ये ७ आणि व्हिएतनाममध्ये ७ अशी सतरा बालग्रंथालये उभी राहिली. म्हणजे अमेरिकेतला कुणी कारकून, कुणी परिचारिका, कुणी पेन्शनीत निघालेला मास्तर रात्री जागून बऱ्यावाईट कादंबऱ्या खरडत होता, आणि त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेल्या डॉलरांतून लाओसमधल्या एखाद्या गावी मुलांच्या हाती चित्रांची पुस्तके पडत होती. त्या कादंबऱ्या वाईट होत्या असे गृहीत धरले तरी लाओसच्या पोराचे काय बिघडले?

आता विटांच्या भट्टीचा आक्षेप घेऊ. भराभर लिहिले की ते हीणच असते, ही समजूत आपल्याकडे कुणी आणि केव्हा रुजवली कोण जाणे. मराठी साहित्याचा इतिहास मात्र तिला साक्ष देत नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लिहायला घेतली आणि सोमवार, १३ फेब्रुवारीच्या पहाटे ती पूर्ण केली. पाच दिवस. अमेरिकनांना तीस दिवस लागतात! दिवसा सक्तीची कामे आणि रात्री लेखन असा तो प्रकार होता. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आल्या. शनिवार आला की मजकूर तयार हवा, प्रतिभा प्रसन्न झाली नाही म्हणून छापखाना थांबत नसे. आणि बाबूराव अर्नाळकर! हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाला आमच्या समीक्षेने पंगतीला बसवले नाही, पण गिरणगावातल्या खोल्यांपासून आमच्या खेड्यांतल्या पारापर्यंत दोन पिढ्यांना सलग शंभर पाने वाचायची सवय लागली ती या हजारांपायी. ज्यांनी पुढे मर्ढेकर वाचले त्यांतल्या कित्येकांचे डोळे आधी झुंजार आणि धनंजयाने तयार केले होते. हे कबूल करायला कुणी लाजू नये.

शिवाय आपण ज्या अंकात हे वाचत आहात तो कसा तयार होतो? 'मनोरंजन'चा दिवाळी अंक का. र. मित्रांनी १९०९ साली काढला, तेव्हापासून एकशेदहा वर्षांहून अधिक काळ मराठी लेखक घटका भरत आली की लिहितो. संपादकाचे पहिले पत्र आषाढात येते, ते टेबलावर पडून राहते. दुसरे श्रावणात येते. गणपती उठले की फोन सुरू होतात आणि मग तीन रात्रींत कथा होते. तिला कुणी वीटभट्टी म्हणत नाही, तिला 'मागणीवरून झालेले सर्जन' असे भारदस्त नाव असते. मुदतीत लिहिणे वाईट असेल तर दिवाळी अंकांची ही सगळी परंपरा वाईट ठरेल. तसे म्हणायची छाती आहे कुणाची? आणि तसे नसेल, तर तरुणांनी मार्गशीर्षात तेच केले म्हणून नाक मुरडायचे कारण काय?

कटोऱ्याचा आक्षेप तर मला चीड आणणारा वाटतो. महाराष्ट्रातले शिक्षण ज्या पैशांवर उभे राहिले तो पैसा मागूनच आणलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. घरोघरच्या बायांनी दळताना बाजूला काढलेले मूठभर धान्य त्यांच्या वसतिगृहांच्या कोठीत पडत होते. त्याला मुष्टिफंड म्हणत. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. महर्षी कर्व्यांनी हिंगण्याच्या आश्रमासाठी रुपया रुपया गोळा केला. अंताजी दामोदर काळे माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरले, त्याची टवाळीही झाली, आणि त्याच पैसाफंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. या माणसांनी हात पसरला म्हणून त्यांची मान खाली गेली नाही. आमच्या लेखकांना मात्र वर्गणी मागायची लाज वाटते, आणि पुरस्काराच्या प्रस्तावाबरोबर स्वतःच्या पुस्तकाच्या पाच प्रती स्वखर्चाने पाठवायची वाटत नाही!

सरकारचे काम म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की सरकारने आपले काम कागदावर करून ठेवलेले आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुले शाळेत आली, पटावर नावे लागली, दुपारची खिचडीही शिजते. आणि तरीही 'असर' या पाहणीत २०२२ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या शंभर मुलांपैकी त्रेचाळीसच्या आसपास मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला. २०२४ मध्ये त्यात सुधारणा झाली, पण आकडा निम्म्यावर गेला नाही. ही मुले निरक्षर म्हणून कुठे मोजली जात नाहीत. ती दहावीपर्यंत रेटली जातील, मोबाइलवर चित्रे सरकवतील आणि आयुष्यात एक पुस्तक पुरे करणार नाहीत. सीमेवरच्या गावांत तर घरातली भाषा एक, शाळेच्या फळ्यावरची दुसरी आणि आईबापांच्या मनात भरलेली तिसरी. अशा पोराची तिन्हींत वाट चुकते. हजार प्रतींची आवृत्ती संपता संपत नाही म्हणून टिपे गाळणाऱ्या आमच्या लेखकाने हा आकडा उशाशी ठेवून झोपावे. त्याचा वाचक हरवलेला नाही, तो तयारच झालेला नाही.

अशाच अर्थाचे एक बोलणे अमेरिकेतही झाले होते. लॉरा मिलर या समीक्षक बाईंनी २०१० च्या नोव्हेंबरात 'सलोन' या नियतकालिकात या उपक्रमाची कडक झडती घेतली. जगात लिहिणारे उदंड आहेत, उत्तेजन द्यायचे तर वाचणाऱ्यांना द्या, असा त्यांचा सूर. बाईंचे अर्धे म्हणणे मला पुरते मान्य आहे. पण लिहिणाऱ्याला झोडपल्याने वाचणारा निपजत नाही. लिहिण्याची हौस ही माणसात असतेच, ती काही कमी होणार नाही. मग त्या हौसेला जू लावून तिच्याकडून वाचकाचे शेत नांगरून का घेऊ नये? त्या तीन वर्षांत तेच तर झाले होते.

माझे खरे भांडण पुढच्या भागाशी आहे आणि इथे मी आमच्या तरुण मित्रांनाही सोडणार नाही. २००७ मध्ये त्या संस्थेने ग्रंथालयांची भागीदारी थांबवली आणि सगळे लक्ष स्वतःच्या बाललेखक कार्यक्रमावर वळवले. शाळाशाळांतल्या मुलांनी आपल्याला झेपेल तेवढे शब्द ठरवून महिनाभर लिहायचे, असा तो कार्यक्रम. त्याच्या मदतीसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युलिया मॉर्गन सभागृहात दरसाल एक लेखनरात्र होऊ लागली. मित्रांकडून ठरावीक देणगी जमवणाऱ्याला तिथे प्रवेश, मग सगळ्यांनी एका छताखाली बसून लिहायचे. कार्यक्रम चांगला असेल, मुलांना मजा आली असेल. पण ज्याला अक्षर लागत नाही अशा लाओसमधल्या पोरापासून निघालेला पैसा, ज्याला लिहिता येते अशा अमेरिकेतल्या पोरापाशी परत आला. लेखकांनी पैसा जमवला आणि त्यातून आणखी लेखक तयार करायला घेतले. आपल्याकडे हे सहज होईल. साक्षरतेच्या नावाने गोळा झालेली वर्गणी 'बालकवी संमेलना'त, फेट्यांत आणि शाल-श्रीफळात कधी जिरली हे कुणाला कळणारही नाही.

दुसरा मोह ग्रंथालयाचा. १८४८ साली बेळगावात सार्वजनिक वाचनालय निघाले आणि त्याच वर्षी पुण्याला भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. दोन्ही कामे मोठीच. पण पहिले वाचता येणाऱ्यांसाठी होते, दुसरे वाचता न येणाऱ्यांसाठी, आणि शेण-चिखल कुणाच्या अंगावर पडला हे सांगायला नको. देणगीदाराला पहिल्या प्रकारचे काम आवडते. कपाट दिसते, कपाटावर नावाची पाटी दिसते, फोटो निघतो. नंतर ते कपाट बंद राहते, कारण पुस्तक हरवले तर तपासणीत भरून कोण देणार म्हणून किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असते. त्यात मास्तरांचा दोष मी धरत नाही. पण निव्वळ पुस्तकांनी वाचक होत नाही याला आता पुरावा आहे, आणि तो आपल्याच राज्यातला. बंगळूरच्या एका संस्थेच्या शालेय ग्रंथालय उपक्रमाची काही अर्थतज्ज्ञांनी काटेकोर तपासणी केली, तिचा अहवाल २०१२ मध्ये आला. सोळा महिन्यांनंतर भाषेच्या चाचणीत ग्रंथालय मिळालेल्या शाळांची मुले न मिळालेल्यांपेक्षा एकंदरीत पुढे गेलेली आढळली नाहीत.

याउलट वडोदऱ्याचे उदाहरण पाहा. सयाजीरावांचे गाव, तिथल्या मराठी मंडळींना ते ठाऊक असायला हवे, पण साहित्याच्या गप्पांत त्याचा उल्लेख कधी ऐकला नाही. मुंबईत १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने २००१ ते २००३ या काळात वडोदरा आणि मुंबई इथल्या महापालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच माध्यमिक शाळा शिकलेली एखादी तरुण ताई. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुले तिने रोज दोन तास बाजूला घेऊन बसायचे आणि जिथे गाडी अडली आहे तिथून, अगदी अक्षरापासून, पुन्हा सुरुवात करायची. तिला महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची मोजदाद केली. पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते या दोघांना आणि मायकेल क्रेमरना. मुले पुढे गेली, आणि सर्वांत मागे होती ती सर्वांत जास्त पुढे गेली. ताई निघून गेल्यावर वर्षभरात त्यातले बरेचसे ओसरले, हेही त्यांनीच नोंदवले आहे. तेव्हा एक वर्ष करून फोटो काढून मोकळे होण्याचे हे काम नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूरला गावातल्या स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले, त्यांचीही तपासणी झाली. वर्गाला आलेली मुले वाचू लागली, पण येणारी फार थोडी निघाली. मूल वर्गापर्यंत आणणे हीच निम्मी लढाई. तिला पुस्तक नव्हे, माणूस लागतो, आणि माणसाला महिन्याच्या एक तारखेला पैसे लागतात.

त्या अमेरिकन संस्थेचे पुढे काय झाले तेही इथे सांगतो, कारण त्यात आपल्याला धडा आहे. २०२३ मध्ये मुलांच्या सुरक्षिततेबद्दलच्या तक्रारींनी तिची अब्रू गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने जाहीर केले की लेखनात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराला तिचा ना पाठिंबा, ना विरोध. उलट सरसकट विरोध करण्यातच गरिबांविषयी आणि अपंगांविषयीचा दुजाभाव आहे. डॅनिएल होझे ओल्डर, मॉरीन जॉन्सन यांसारखे लेखक तिच्या मंडळांवरून बाहेर पडले. मार्च २०२५ अखेर, पैशांच्या अडचणींचे कारण देत, संस्थेने गाशा गुंडाळत असल्याचे सांगितले. गरिबाचे नाव पुढे करून यंत्राची वकिली करणे मला तर किळसवाणे वाटले. शेजारी वर्गणी देतो ती कादंबरीसाठी देत नाही. ती तो वाचणारही नाही. समोरच्या घरातला दिवा रात्री एकपर्यंत जळतो आहे, हा माणूस पोरांसाठी झोप मोडतो आहे, त्या जागरणाला तो पैसे देतो. मुष्टिफंडातल्या मुठीमागे दळणाऱ्या बाईच्या घासाची कपात होती. यंत्राने पाच मिनिटांत पन्नास हजार शब्द ओकले तर शेजाऱ्याने पैसे कशाचे दिले? तो उपक्रम मग वर्गणी न राहता सरळसरळ फसवणूक होते.

तेव्हा आमच्या मंडळींनी हे करावे, जरूर करावे, पण हाताने लिहावे आणि वहीत लिहावे. पन्नास हजारांचा हट्ट नको. इंग्रजीत जिथे चार शब्द लागतात तिथे मराठी 'घरासमोरच्या' असे एका शब्दात उरकते, त्यामुळे तिकडचे पन्नास हजार म्हणजे इकडचे बरेच कमी. रोज हजार आणि महिन्याला तीस हजार पुरेत. वर्गणी शब्दामागे एक पैसा. पैसा हे नाणे व्यवहारातून कधीच गेले, चार आण्यांचेही चलन २०११ मध्ये संपले, पण हिशेबाला तो अजून चालतो. तीस हजार पैसे म्हणजे तीनशे रुपये. एका लेखकाने दहा वर्गणीदार गाठले तर तीन हजार, आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी या संमेलनांच्या गावांतून मिळून वीस लेखक उभे राहिले तर साठ हजार. दोन गावांत दोन ताया, रोज दोन तास, महिना तीन हजार, शाळेचे दहा महिने: बरोबर साठ हजार. चाळीस मुले. यापेक्षा जास्त रक्कम आपल्या एकेका संमेलनात मंडप, स्वागतकमानी आणि पाहुण्यांच्या कुंद्याच्या डब्यांवर खर्च होते. तो खर्च बंद करा असे मी म्हणत नाही. केले तर बरे, पण होणार नाही हे मला माहीत आहे.

हिशेब दर महिन्याला गावच्या वाचनालयाच्या फळ्यावर लागला पाहिजे. कुणी किती शब्द लिहिले, कुणी पंधराव्या दिवशी सोडून दिले, त्यांची नावेही. आणि मुलांचे काय झाले हे ठरवायला समारोपाची भाषणे नकोत. 'असर'ची वाचनपट्टी एका पानात मावते: काही अक्षरे, काही शब्द, पहिलीचा एक उतारा, दुसरीची एक छोटी गोष्ट. ती जूनमध्ये प्रत्येक मुलापुढे धरायची आणि मार्चमध्ये पुन्हा धरायची. एका मुलाला थोडीच मिनिटे लागतात, आणि ते ऐकायला ज्येष्ठ साहित्यिकांनी स्वतः जमिनीवर सतरंजी टाकून बसावे.